हजारो पत्त्यांचा संग्रह कसा लावायचा, कशात ठेवायचा: ‘डोमिनियन’ धरून सविस्तर पद्धत

बोर्ड गेमचा नाद लागला की सुरुवातीला जागेचा प्रश्न फारसा येत नाही. प्रत्येक खेळ आपापल्या खोक्यात राहतो आणि खोकी कपाटात. खरी अडचण सुरू होते ती एकाच खेळाचे विस्तारसंच घरात येऊ लागले की. ‘डोमिनियन’ हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. डोनाल्ड एक्स. व्हॅक्करिनो यांनी रचलेला हा पत्त्यांचा खेळ रिओ ग्रांद गेम्सने २००८ मध्ये काढला, २००९ मध्ये त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर इंट्रीग, सीसाइड, प्रॉस्पेरिटी, डार्क एजेस, अ‍ॅडव्हेंचर्स, एम्पायर्स असे विस्तार येतच राहिले. मूळ खोक्यात ५०० पत्ते. डार्क एजेसमध्ये आणखी ५००. सीसाइड आणि प्रॉस्पेरिटी प्रत्येकी ३००. इतकं जमलं तरी १,६०० पत्ते झाले, आणि ही निम्मीही वाट नव्हे.

खोक्यात मिळणारे प्लास्टिकचे साचे एका संचापुरते असतात. पाच संच घेतले की डाव मांडायला पाच खोकी उघडायची, प्रत्येकातून दोन-दोन गठ्ठे काढायचे आणि रात्री पुन्हा पाच ठिकाणी वाटून ठेवायचे. असं दोन-चारदा झालं की माणूस तो खेळ काढायचाच टाळतो. चांगला खेळ केवळ मांडणीच्या कंटाळ्याने कपाटात पडून राहावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा कंटाळा एका शनिवार-रविवारच्या कामाने कायमचा जाऊ शकतो.

माझं ठाम मत असं आहे: मांडणीची परीक्षा पत्ते काढताना होत नाही, परत ठेवताना होते. रात्रीचे साडेअकरा झालेत, मुलांना झोप अनावर झालीय, पाहुणे चपला घालतायत, आणि टेबलावर तीनशे पत्ते पसरलेत. त्या वेळी पहिल्यांदाच खेळलेला माणूससुद्धा हातातला गठ्ठा न विचारता योग्य जागी ठेवू शकला, तर मांडणी चांगली. खाली सांगितलेला प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घेतलेला आहे.

आधी मोजदाद

डबे विकत घ्यायच्या आधी संग्रह मोजा. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा, पंखा बंद करा आणि एकेक संच वेगळा काढा. पत्ते खेळातल्या नावाप्रमाणे गठ्ठ्यांत लावा आणि प्रत्येक गठ्ठा मोजा.

डोमिनियनमध्ये हे सोपं जातं, कारण आकडे ठरलेले आहेत. किंगडम कार्डांचा, म्हणजे दर डावासाठी नव्याने निवडायच्या पत्त्यांचा (एरवी दहा प्रकार), गठ्ठा १० पत्त्यांचा. त्यातलं कार्ड व्हिक्टरी प्रकारचं, म्हणजे शेवटी गुण देणारं असेल, जसं गार्डन्स, तर १२. मूळ संचात कॉपर ६०, सिल्व्हर ४०, गोल्ड ३०, इस्टेट २४, डची १२, प्रॉव्हिन्स १२ आणि कर्स ३०. काही गठ्ठे मात्र या नियमात बसत नाहीत आणि ते माहीत नसले की उगाच शोधाशोध होते. डार्क एजेसमधले रॅट्स २० असतात. त्याच संचातले नाइट्स दहाच, पण दहाही वेगवेगळे. अ‍ॅडव्हेंचर्समधलं पोर्ट १२. एम्पायर्समधले कॅसल्स १२, त्यात आठ निरनिराळी नावं.

मोजतानाच एका स्प्रेडशीटमध्ये नोंद करा: पत्त्याचं नाव, संच, खेळातली किंमत, किती हवेत, किती आहेत, सोबत काय लागतं. ‘सोबत काय लागतं’ हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे, तो पुढे लागणार आहे. एखादा पत्ता कमी निघाला तर त्या ओळीला रंग द्या आणि पुढे चला. तो बहुधा दुसऱ्या एखाद्या गठ्ठ्यात मिसळलेला असतो आणि सगळी मोजदाद संपेपर्यंत सापडतो.

याच वेळी पत्ते तपासून घ्या. आपल्याकडे खेळ आणि चिवडा एकाच टेबलावर असतात, त्यामुळे तेलाचे डाग हमखास सापडतात. कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा. पाणी, सॅनिटायझर, काचा पुसायचं औषध यांपैकी काहीही लावू नका. वरचा थर जातो आणि कडेने कागद पाणी पितो.

क्रम कोणता लावायचा

संचाप्रमाणे, किंमतीप्रमाणे, वर्णक्रमाने, की प्रकाराप्रमाणे? यावर खेळणाऱ्यांत बरेच मतभेद आहेत. माझा सल्ला संग्रहाच्या आकारावर अवलंबून आहे.

तीन-चार संच असतील तर संचाप्रमाणे लावा आणि संचाच्या आत नावाच्या क्रमाने. प्रत्येक संचाची एक लय असते, सीसाइडचे पत्ते सीसाइडच्याच पत्त्यांबरोबर रंगतात, आणि नवख्याला शिकवताना एकच संच उचलून आणता येतो.

पाच-सहा संचांच्या पुढे गेलात आणि सगळे संच मिसळून खेळत असाल, तर संचांची भिंत पाडा आणि सर्व किंगडम कार्डं एकाच वर्णक्रमात लावा. कारण पुन्हा तेच, परत ठेवणारा पाहुणा. अमुक पत्ता हिंटरलँड्समधला की मिनॅजरीमधला हे त्याला ठाऊक नसतं. नाव मात्र पत्त्यावर छापलेलं असतं. पत्ते इंग्रजी असतील तर क्रमही इंग्रजी अक्षरांचाच ठेवा. डिव्हायडरवर, म्हणजे दोन गठ्ठ्यांमध्ये ठेवायच्या जाड कागदाच्या तुकड्यावर, हौसेने देवनागरीत नाव लिहायला हरकत नाही, पण क्रम छापील नावाचाच.

किंमतीप्रमाणे लावणं मला पटत नाही. डाव निवडताना ते छान वाटतं, पण चार आणि पाच किंमतीचे गठ्ठे इतके जास्त असतात की त्या कप्प्यांत पुन्हा शोधावंच लागतं.

मूळ पत्ते, म्हणजे कॉपर, सिल्व्हर, गोल्ड, इस्टेट, डची, प्रॉव्हिन्स आणि कर्स, या क्रमात कधीच घालू नका. ते प्रत्येक डावात लागतात, त्यांचा डबा वेगळा. प्रॉस्पेरिटीतले प्लॅटिनम आणि कॉलनी, अल्केमीतलं पोशन हेही त्याच डब्यात मागच्या बाजूला.

सोबतचे पत्ते

मांडणी बहुतेक वेळा इथेच फिसकटते. काही किंगडम कार्डांना स्वतःच्या गठ्ठ्याखेरीज आणखी पत्ते लागतात. हर्मिट निवडलं की मॅडमन हवं. अर्चिन निवडलं की मर्सिनरी. कल्टिस्ट किंवा मरॉडर आलं की रुइन्सचा गठ्ठा, आणि मरॉडरला वर स्पॉइल्सही. टूर्नामेंटला पाच प्राइझेस. अ‍ॅडव्हेंचर्समधलं पेज तर ट्रेझर हंटर, वॉरियर, हिरो असं चढत चढत चँपियनपर्यंत जातं, आणि प्रत्येक पायरीचे पाच-पाच पत्ते असतात.

नियम एकच ठेवा. सोबतचा पत्ता एकाच किंगडम कार्डाला लागत असेल तर तो त्या कार्डाच्या डिव्हायडरमागेच राहील: मॅडमन हर्मिटच्या मागे, प्राइझेस टूर्नामेंटच्या मागे, पेजची सगळी मालिका पेजच्या मागे. आणि तो एकाहून जास्त कार्डांना लागत असेल, जसे रुइन्स किंवा स्पॉइल्स, तर तो मूळ पत्त्यांच्या डब्यात जाईल आणि ज्या ज्या कार्डाला लागतो त्याच्या डिव्हायडरवर ‘रुइन्स घ्या’ असं लिहिलेलं असेल. स्प्रेडशीटमधला तो रकाना इथे कामी येतो.

यंग विच हे कार्ड निवडलं तर अकरावा गठ्ठा लागतो, हेही डिव्हायडरवरच लिहून टाका. डाव सुरू झाल्यावर नियमपुस्तिका उघडायची वेळ येऊ नये.

स्लीव्ह घालायच्या की नाही

डोमिनियनमध्ये पत्ते सतत पिसले जातात. प्रत्येक खेळाडू सात कॉपर आणि तीन इस्टेट घेऊन सुरुवात करतो आणि पाच पत्त्यांचा हात संपला की नवा हात. एका डावात आपली जुडी कितीतरी वेळा पिसली जाते. साहजिकच सगळ्यात आधी झिजतात ते कॉपर आणि इस्टेट. मग वाटतं, तेवढ्यांनाच स्लीव्ह, म्हणजे पत्त्याच्या मापाची पातळ प्लास्टिकची पिशवी, घालू या.

तसं करता येत नाही. डोमिनियनमध्ये विकत घेतलेला प्रत्येक पत्ता तुमच्याच जुडीत जातो. काही पत्ते स्लीव्हमध्ये आणि काही उघडे असले तर न बघताही बोटांना कळतं की वरचा पत्ता कॉपर आहे की नाही. म्हणून या खेळात स्लीव्ह घालायच्या तर एकूण एक पत्त्याला, एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या, एकाच पाठीच्या. नाहीतर कुणालाच नाही. हीच गोष्ट पुढच्या खरेदीलाही लागू पडते, म्हणून कंपनी निवडताना तीच स्लीव्ह दोन वर्षांनीही मिळेल का याचा विचार करा आणि सुरुवातीलाच शंभर-दोनशे जास्तीच्या घेऊन ठेवा.

माझा कौल असा. समुद्रकाठी राहत असाल, घरात लहान मुलं असतील किंवा दर आठवड्याला खेळत असाल, तर घाला. महिन्यातून एकदा, हात धुऊन बसणाऱ्या चार मोठ्या माणसांत खेळत असाल, तर नको. त्या पैशांत आणखी एखादा विस्तार येतो आणि डब्याची लांबीही वाचते.

घालणार असाल तर माप नीट पाहा. डोमिनियनचा पत्ता ५९ × ९१ मिलिमीटरचा आहे, त्याला ५९ × ९२ ची, ‘स्टँडर्ड युरोपियन’ म्हणून विकली जाणारी स्लीव्ह लागते. दुकानात सहज मिळणारी ६३.५ × ८८ मापाच्या पत्त्यांची स्लीव्ह इथे चालत नाही, उंचीला कमी पडते. इतर खेळ असतील तर त्यांचीही मापं मोजूनच घ्या. कटानचे पत्ते ५४ × ८० आहेत, सेव्हन वंडर्सचे ६५ × १००.

प्लास्टिक पॉलिप्रॉपिलिन असावं, पीव्हीसी नको. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी त्यात घातलेली द्रव्यं काळानुसार बाहेर येतात आणि छपाईला चिकटतात. पारदर्शक पाठ की रंगीत पाठ? वेगवेगळ्या वर्षांच्या छपाईत पत्त्यांच्या पाठीचा रंग किंचित फिका-गडद असू शकतो. तुमच्या संचांत तसा फरक दिसत असेल तर अपारदर्शक पाठीची स्लीव्ह घ्या, प्रश्नच मिटतो.

घालताना सगळ्या स्लीव्हची उघडी बाजू वरच ठेवा. उलटसुलट झाल्या तर पिसताना एकीची कड दुसरीच्या तोंडात अडकते आणि फाटते. पन्नास झाल्या की गठ्ठा जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा, आतली हवा निघून जाते. आणि हे काम कोरड्या दिवशीच करा. त्याचं कारण पुढे येतंय.

डब्याचं माप काढणं

‘इतके पत्ते मावतील’ असं डब्यावर लिहिलेलं असतं ते बहुधा बिनस्लीव्हच्या, दाबून बसवलेल्या पत्त्यांचं असतं. आपला हिशेब आपण करायचा. शंभर पत्ते हातात घ्या, हलके दाबा, पट्टीने जाडी मोजा. साधारण पत्ता ०.३ मिलिमीटरचा भरतो, म्हणजे शंभराचे तीन सेंटिमीटर. शंभर मायक्रॉनची जाड स्लीव्ह दोन्ही बाजूंनी मिळून ०.२ मिलिमीटर वाढवते, म्हणजे तेच शंभर पत्ते पाच सेंटिमीटर होतात. स्लीव्ह घातल्याने लांबी दीडपटीहून जास्त वाढते, हे डबे घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

एक उदाहरण पुरं करू. स्लीव्ह घातलेले ३०० पत्ते म्हणजे १५ सेंटिमीटर. पंचवीस डिव्हायडर, कार्डशीटचे, मिळून जवळपास एक सेंटिमीटर. बोटं घालायला दोन सेंटिमीटर मोकळी जागा. म्हणजे आतून १८ सेंटिमीटर लांबीचा कप्पा. रुंदी स्लीव्हच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त, त्याहून अधिक नको, नाहीतर पत्ते कप्प्यात तिरके फिरतात.

पत्ते उभे ठेवा, आडव्या थप्प्या नकोत. थप्पीतला खालचा गठ्ठा काढायला वरचे सगळे उचलावे लागतात. पण उभे म्हणजे ताठ उभे. कप्पा अर्धा रिकामा असला की पत्ते कलतात आणि महिन्याभरात त्यांना बाक येतो. रिकाम्या जागेत फोमचा तुकडा किंवा पुठ्ठ्याची छोटी खोकी बसवा आणि संग्रह वाढेल तशी ती काढत जा.

वजनाचाही विचार हवा. उघडा पत्ता दीड ग्रॅमच्या आसपास, जाड स्लीव्हसकट अडीच ग्रॅमच्या पुढे. तीन हजार पत्ते एकाच पेटीत घातले तर वजन साडेसात किलोंच्या पुढे जातं, आणि पेटी उचलताना तळ सुटला तर सगळी मेहनत जमिनीवर. एका डब्यात स्लीव्ह घातलेले पंधराशेच्या वर पत्ते ठेवू नका. वर्णक्रम दोन डब्यांत तोडायचा झाला तर बाहेर मोठ्या अक्षरांत कुठून कुठपर्यंत ते लिहा.

डबा कशाचा? कोरुगेटेड पुठ्ठ्याचे लांब खोके स्वस्त आणि सोयीचे, पण कोकणपट्टीत दोन पावसाळ्यांत मऊ पडतात. झाकणाला रबरी कड असलेले प्लास्टिकचे डबे दमट हवेसाठी चांगले. लाकडी ड्रॉवर सुंदर दिसतात. मात्र ताज्या पॉलिशचा वास पूर्ण गेल्याखेरीज त्यात पत्ते घालू नका. सावंतवाडीच्या गंजिफा आजही रंगवलेल्या लाकडी पेटीतूनच मिळतात. दशावतारी गंजिफेचे दहा रंग, प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते त्या एका पेटीत मावतात, आणि पारंपरिक पत्त्यांवर वरून लाखेचा हात असतो. ऐन पावसाच्या प्रदेशातल्या कारागिरांनी पत्ता आणि पेटी यांचा एकत्र विचार केला होता, याचा मला फार आदर वाटतो.

मूळ खोक्यातच नवा साचा करायचा असेल तर कागदी आवरणाचा पाच मिलिमीटर फोम बोर्ड, धारदार कटर, स्टीलची पट्टी आणि फेव्हिकॉल एवढं पुरतं. कापताना एकाच दाबात आरपार जाऊ नका: पहिला हात वरच्या कागदाला, दुसरा फोमला, तिसरा खालच्या कागदाला. पातं बोथट झालं की फोम फाटतो, तेव्हा पात्याचं टोक मोडत राहा. कप्पे आखताना बोर्डाची पाच मिलिमीटर जाडी प्रत्येक भिंतीसाठी धरा. चार कप्प्यांच्या ओळीला पाच भिंती लागतात, म्हणजे अडीच सेंटिमीटर नुसत्या भिंतींतच जातात. दुकानात ‘सनबोर्ड’ म्हणून पूर्ण प्लास्टिकचा बोर्डही मिळतो. त्यावर फेव्हिकॉल धरत नाही, वेगळा गोंद लागतो.

डिव्हायडर

विकतचे डिव्हायडर छान असतात, पण घरी केलेले आपल्या गरजेचे होतात. ३०० जीएसएमची कार्डशीट घ्या. स्लीव्ह घातलेल्या, उभ्या पत्त्यांसाठी ६२ मिलिमीटर रुंद आणि वर डोकावणाऱ्या, नाव लिहायच्या जिभेसकट १०४ मिलिमीटर उंच असा तुकडा धरला, तर आडव्या धरलेल्या ए-फोर कागदातून चार-चारच्या दोन ओळी, म्हणजे आठ डिव्हायडर निघतात. उंचीच्या बाजूने जेमतेम दोन मिलिमीटर उरतात, म्हणून छापून घेत असाल तर प्रिंटरवाल्याला समास शून्य ठेवायला सांगा किंवा नुसतं कापून हाताने लिहा. हाताने लिहिलेले मला जास्त आवडतात.

जीभ डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी आळीपाळीने ठेवायची पद्धत आहे. माझं ऐकाल तर एकाच बाजूला ठेवा. आळीपाळीच्या जिभा नव्या असताना देखण्या दिसतात, पण मध्ये एक नवा पत्ता घुसला की पुढचा सगळा क्रम बिघडतो.

जिभेवर नाव आणि किंमत. खाली मधल्या भागात, पत्ते काढल्यावर दिसेल असा, मोठा आकडा: या गठ्ठ्यात किती पत्ते असायला हवेत. त्याखाली सोबत काय लागतं ते. आणि कोपऱ्यात संचाचं नाव, म्हणजे कधी सगळं पुन्हा संचाप्रमाणे लावायचं ठरलं तर रडायची वेळ येणार नाही.

डाव पटकन मांडता यावा म्हणून

मूळ पत्त्यांच्या डब्यात चार छोट्या झिप पिशव्या करा, प्रत्येकीत सात कॉपर आणि तीन इस्टेट. बसलेल्या प्रत्येकाच्या हातात एक पिशवी दिली की सुरुवात झाली. चार पिशव्यांत २८ कॉपर गेले, उरलेले ३२ एका गठ्ठ्यात. चोवीस इस्टेटपैकी बारा पिशव्यांत, बारा टेबलासाठी, बरोबर जमतं. कर्सचे दहा-दहाचे तीन गठ्ठे करा: दोघांना एक, तिघांना दोन, चौघांना तीन. प्रॉव्हिन्स, डची आणि इस्टेट यांचे आठ आणि चार असे दोन भाग कागदी पट्टीने वेगळे ठेवा, कारण दोघांच्या डावात आठच लागतात.

रबरबँड मात्र कुठेही नको. आपल्या उन्हाळ्यात ते वितळून चिकटतात, आणि त्याआधीच पत्त्यांच्या कडांना खाचा पाडतात. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी, टोकाला टेप लावून, पुरेशी आहे. टेप कागदाला लागेल, पत्त्याला नाही, एवढं बघा.

प्रत्येक संचात किंगडम कार्डांचे वेगळ्या पाठीचे रँडमायझर पत्ते असतात. ते सगळे एकत्र करून एक वेगळी जुडी ठेवा. पिसून दहा काढले की डाव ठरला. मग ते दहा रँडमायझर मुख्य डब्यावर ओळीने मांडून ठेवा, म्हणजे कोणते गठ्ठे बाहेर आहेत त्याची यादी डोळ्यांसमोर राहते. गठ्ठा काढताना त्याचा डिव्हायडर जागेवरच, पण मागचा पुढे करून उलटा ठेवा. कोरी पाठ दिसली की तिथे गठ्ठा परत यायचा आहे.

टोकन आणि चकत्यांसाठी झाकणाची छोटी औषधाची डबी किंवा मण्यांचे कप्पेवाले डबे उत्तम. सीसाइडचे मॅट, व्हिक्टरी टोकन वगैरे त्या त्या संचाचं नाव लिहून एका सपाट पिशवीत.

परत ठेवण्याचा क्रम

डाव संपला. गुण मोजून झाले. आता सगळ्यांनी एकाच वेळी आपापले पत्ते डब्यात कोंबायचे नाहीत.

प्रत्येकाने आधी स्वतःची जुडी नावाप्रमाणे लावायची. मग टेबलावर दहा किंगडम गठ्ठे जिथे होते तिथेच, त्याच जागी, सगळ्यांनी आपापले पत्ते टाकायचे. म्हणूनच डाव संपला तरी उरलेले गठ्ठे हलवायचे नाहीत. ट्रॅश झालेले, म्हणजे डावातून बाद केलेले पत्ते विसरू नका. हरवलेल्या पत्त्यांचा शोध बहुधा तिथेच संपतो. मॅटवर बाजूला ठेवलेले पत्तेही बघा.

मग एकाने मोजायचं, दुसऱ्याने ठेवायचं. मोजणारा दहा म्हणाला की ठेवणारा डिव्हायडरवरचा आकडा बघतो, गठ्ठा घालतो, डिव्हायडर सुलटा करतो. चार पिशव्या पुन्हा सात आणि तीनने भरायच्या. शेवटी डब्यात एकही उलटा डिव्हायडर उरला नाही की झाकण लावा. चौघं असली तर दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि मुलांना हे मोजणीचं काम आवडतं.

दमट हवा, बुरशी, कसर

मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. कागद हवेतलं पाणी शोषतो. पत्त्याच्या दोन बाजूंची छपाई आणि थर सारखे नसले की दोन बाजू कमी-जास्त फुगतात आणि पत्ता वाकतो. चमकदार फॉइलचे पत्ते तर सगळ्यात जास्त. सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकून राहिली की बुरशीचीही भीती. पत्त्यांना मानवते ती चाळीस ते पंचावन्न टक्के.

पहिली गोष्ट, आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर डब्यात ठेवा. अंदाजाने वागण्यापेक्षा आकडा बघून वागा.

दुसरी, हवाबंद डबा कधी बंद करता याला महत्त्व आहे. जुलैच्या दमट दुपारी डबा गच्च लावला तर तुम्ही ती दमट हवाच आत कोंडता. स्लीव्ह घालणं, डबे भरणं ही कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, किंवा एसी दोन-तीन तास ड्राय मोडवर चालवून त्या खोलीत. दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा सगळा संग्रह उघडून हवा द्यायची सवय लावून घ्या. सावलीत, ऊन दाखवलं तर रंग उडतो.

तिसरी, सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या, म्हणजे संपलं की कळतं. निळं गुलाबी होतं, पण त्यात बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून घरात मुलं असतील तर नारिंगी घ्या. ११०–१२० अंशांवर ओव्हनमध्ये तासभर किंवा थोडं जास्त ठेवलं की ते पुन्हा कामाला येतं. पिशवी पत्त्यांना टेकू न देता कप्प्याच्या टोकाला ठेवा.

डबा कुठे ठेवता तेही पाहा. पावसाचा मारा येणारी बाहेरची भिंत, माळा, जमीन आणि बाथरूमला लागून असलेलं कपाट टाळा. भिंत आणि डबा यांत हात जाईल इतकी फट ठेवा. विदर्भात-मराठवाड्यात दमटपणापेक्षा उन्हाळ्याची धग आणि धूळ जास्त; तिथे माळ्यावर ठेवलेल्या स्लीव्ह एकमेकींना चिकटू शकतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांना उलटा त्रास होतो. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते आणि पत्ते तिथेही वाकतात. तिथे सिलिका जेल काढून टाका.

कसर आणि झुरळं कागदाच्या आणि पुठ्ठ्याच्या मागे येतात. डांबरगोळ्या घालू नका: वास कागदातून जात नाही आणि काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडतं. वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कपाटाच्या फळीवर ठेवा, डब्याच्या आत नाही. चुरा पत्त्यांत गेला तर नवी कटकट. खरा उपाय म्हणजे खेळताना खाणं वेगळ्या स्टुलावर.

पत्ते आधीच वाकले असतील तर कोरड्या खोलीत, दोन सपाट फळ्यांमध्ये, वजनाखाली काही दिवस राहू द्या. इस्त्री आणि हेअर ड्रायर लावू नका. बुरशी दिसली तर ते पत्ते लगेच वेगळ्या पिशवीत काढा, बाकीचे गठ्ठे तपासा आणि कप्पा रिकामा करून पूर्ण वाळवा.

वेगळ्या प्रकारचा खेळ, वेगळा क्रम

डोमिनियनची पद्धत जशीच्या तशी सगळीकडे लावू नका. फँटसी फ्लाइट गेम्सचा २०१६ मधला ‘आर्कम हॉरर: द कार्ड गेम’ घ्या. यात खेळाडू डावाआधी स्वतःची जुडी बांधतो, म्हणून खेळाडूंचे पत्ते गार्डियन, सीकर, रोग, मिस्टिक, सर्व्हायव्हर आणि न्यूट्रल अशा वर्गांत लावायचे, आणि वर्गाच्या आत शून्य पातळीचे वेगळे, वरच्या पातळीचे वेगळे. सुरुवातीची जुडी बहुतेक शून्य पातळीच्या पत्त्यांतूनच बांधली जाते; वरचे पत्ते कथेच्या ओघात अनुभव खर्चून घ्यायचे असतात.

संकटांचे पत्ते मात्र कथेप्रमाणे लावू नका. प्रत्येक पत्त्यावर त्याच्या एन्काउंटर संचाचं चिन्ह असतं, आणि प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला कोणते संच गोळा करायचे ते लिहिलेलं असतं. एकच संच अनेक प्रसंगांत लागतो. तेव्हा डिव्हायडरवर ते चिन्ह काढा आणि त्या क्रमाने लावा. स्लीव्हचं गणितही इथे सोपं आहे: खेळाडूंचे पत्ते आणि संकटांचे पत्ते सहसा एकत्र पिसले जात नाहीत, त्यामुळे सतत हाताळले जाणारे खेळाडूंचे पत्ते चांगल्या स्लीव्हमध्ये आणि बाकीचे साध्या स्वस्त स्लीव्हमध्ये ठेवले तरी चालतं. फक्त प्रत्येक जुडी आतून एकसारखी हवी.

शंभर-दीडशे पत्त्यांच्या छोट्या खेळांसाठी यातलं काहीच करू नका. प्रकारागणिक एक झिप पिशवी आणि मूळ खोकं पुरे.

नवा विस्तार आला की

वेष्टन फोडायच्या आधी डब्यात जागा करा आणि त्या संचाचे डिव्हायडर कापून, लिहून ठेवा. फोडल्यावर पहिल्यांदा मोजा; एखादा पत्ता कारखान्यातूनच कमी आला असेल तर तो आताच कळतो आणि बिल हाताशी असताना प्रकाशकाकडे मागता येतो. स्प्रेडशीटमध्ये ओळी वाढवा, रँडमायझर मोठ्या जुडीत मिसळा, स्लीव्ह घालायच्या असतील तर त्या आधीच्याच कंपनीच्या आहेत ना ते पाकिटावर पाहा. नियमपुस्तिका एका फाइलमध्ये, संचांच्या क्रमाने. रिकामं खोकं सपाट करून ठेवता येत असेल तर ठेवा, पुढे कधी संच कुणाला द्यायचा झाला तर लागतं. मग पहिला डाव मांडा, आणि त्यात नव्या संचाचे निदान पाच गठ्ठे असू द्या.